"गोळ्या सोडा, पार्किन्सन पळवा" वाल्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच फॉरवर्ड फिरतोय, या वेळी तीन ग्रुपवर आला. थोडक्यात मजकूर असा, की पार्किन्सनच्या गोळ्या म्हणजे व्यसन, पाच वर्षांत असर संपतो, म्हणून बंद करा, रोज अनुलोम-विलोम, थोडंसं चालणं आणि कवचबीजाची पावडर, सहा महिन्यांत थरथर मुळासकट बंद. आणि शेवटी, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकायला लागले तर शरीर थकलंय, झोपून आराम द्या.

आमच्या घरात पेशंट आहे म्हणून चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी गोळ्यांचं. पाच वर्षांचा हिशोब कुठून आला माहितीये का, पूर्वी काही डॉक्टरसुद्धा लेवोडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी, मेंदूत जाऊन तिचं डोपामाइन होतं) जपून, उशिरा सुरू करायचे, त्यातून ही भीती पसरली. नेदरलँड्समध्ये 445 पेशंटवर हे तपासलं, काहींना लगेच गोळी, काहींना 40 आठवडे उशिरा, आणि 80 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. 2019 साली छापून आलंय. म्हणजे लवकर घेतल्याने आजार अडला नाही, पण वाढलाही नाही, आणि ज्यांनी लवकर घेतली त्यांचे मधले महिने बरे गेले. पुढे गोळीचा असर कमी वेळ टिकतो हे खरंय, पण त्याचं मोठं कारण म्हणजे डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या आणि साठवणाऱ्या पेशी आजारामुळे कमी होत जातात. आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर अंग लाकडासारखं ताठ होणं, जोराचा ताप, भ्रम, थेट आयसीयू असं होऊ शकतं. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता कवचबीज, म्हणजे आपली खाजकुइली. गंमत बघा, त्या बियांमध्ये असतं काय, तर लेवोडोपाच! म्हणजे एका ओळीत लेवोडोपा सोडा आणि पुढच्या ओळीत लेवोडोपा घ्या. फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं आणि पावडरीच्या चमच्यात किती ते कुणालाच सांगता येत नाही, शिवाय गोळीत सोबत कार्बिडोपा असतं ज्यामुळे औषध मेंदूपर्यंत जास्त पोचतं आणि मळमळ कमी होते, ते पावडरीत नाही. आणि बरेच जण गोळी चालू ठेवून वर पावडर घेतात, मग अंग वेडंवाकडं हलायला लागलं की न्यूरॉलॉजिस्टला पावडरीचं सांगतच नाहीत. सांगा बाबांनो.

"थोडंसं चालणं" यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोकांना वाटतं फॉरवर्ड व्यायामाची बाजू घेतोय, पण तो व्यायामाला पण हलक्यातच घेतो. व्यायामालाही डोस असतो. अमेरिकेत 128 जणांवर अभ्यास झाला (2018), सगळे नवे पेशंट, औषध अजून सुरू न झालेले. एका गटाने आठवड्यातून 4 दिवस ट्रेडमिलवर हृदयाचे ठोके कमालच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेऊन चालायचं, दुसऱ्याने मध्यम, तिसऱ्याने नेहमीसारखं राहायचं. 6 महिन्यांनी जोरदार गटाचा हालचालींचा स्कोअर जवळपास होता तिथेच, नेहमीसारखं राहणाऱ्यांचा 3 पॉइंटने बिघडलेला, आणि मध्यम गट नेहमीपेक्षा ठामपणे सरस आहे असं दाखवता आलं नाही. मग नेदरलँड्समध्ये गोळ्या चालू असलेल्या लोकांना घरीच सायकल दिली, आठवड्यातून 3 वेळा, 30 ते 45 मिनिटं, तिथेही सहा महिन्यांनी फरक दिसला. म्हणजे घाम यायला हवा, बोलताना थोडी धाप लागायला हवी. अर्थात हार्ट, बीपी तपासून, फिजिओच्या नजरेखाली, आणि गोळीचा असर चालू असतानाच्या वेळेत. बरा झाला असं मात्र यातल्या कुठल्याच अभ्यासात कुणी म्हटलेलं नाही.

प्राणायाम करा की, मन शांत राहतं, माझं काही म्हणणं नाही. पण पार्किन्सनमुळे बारीक झालेला आवाज त्याने आपोआप मोठा होत नाही, त्यासाठी स्पीच थेरपी लागते, त्यातली एक पद्धत महिनाभर आठवड्यातून 4 दिवस फक्त मोठ्याने बोलायला लावते, कारण पेशंटला स्वतःचा आवाज ठीकच वाटत असतो. तोल जात असेल तर ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), 2012 च्या अमेरिकन अभ्यासात 195 जणांमध्ये ताई ची वाले स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी वेळा तोल जाऊन पडले. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सनच्या लोकांना नाच शिकवत आलेत, ज्यांना जमेल त्यांनी चौकशी करा. फक्त शीर्षासन वगैरे मनाने करू नका, यात उभं राहताना बीपी पडणं कॉमन आहे.

थरथर म्हणाल तर काहींना ती नसतेच, खरा त्रास हालचाली मंद होण्याचा.

राहिलं पाय अडकणं. तो थकवा नाही. नेदरलँड्समधला 58 वर्षांचा एक पेशंट दोन पावलं नीट टाकू शकत नव्हता आणि तोच माणूस सायकल मस्त चालवत होता, डॉक्टरांनी 2010 मध्ये व्हिडिओसकट छापलंय. पाय अडकले की हात धरून ओढू नका, माणूस तोंडावर पडतो. थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, "एक, दोन" मोजा, किंवा समोर आपलं पाऊल आडवं ठेवा आणि ते ओलांडायला सांगा. आमच्याकडे बाथरूमच्या दारात जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्यात, दिसायला वाईट दिसतात, पाहुणे विचारतात, विचारू देत.