घड्याळ लावून वाचन कळत नाही

पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे : ‘आठवीपर्यंतच्या परीक्षाच बंद झाल्या, त्यामुळे मुलाला वाचता येते की नाही हे शाळेत कोणी तपासत नाही, घरीच घड्याळ लावा आणि मिनिटाला किती शब्द वाचतो ते मोजा.’ यातली काळजी खरी आहे, पण दिलेले कारण चुकीचे आहे आणि उपाय अपुरा आहे.

पहिली गोष्ट, परीक्षा बंद झाल्याच नव्हत्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला नापास करून त्याच वर्गात बसवायला मनाई केली, तपासायला नव्हे. राज्याच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयात आकारिक (वर्षभर शिकताना होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे मूल्यमापनाचे दोन भाग आहेत व दैनंदिन निरीक्षण आणि तोंडीकाम ही आकारिक मूल्यमापनाची साधने आहेत. आता तर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षाही आहे.

लेखी परीक्षेतून वाचन कळते, हेही खरे नाही. पाठ केलेली उत्तरे उतरवणारे मूल पेपरात चांगले गुण मिळवते आणि न पाहिलेला उतारा समोर आला की अडखळते. म्हणून शिक्षक मुलाला जवळ बसवून अनोळखी मजकूर वाचायला देतात, किंवा कविता घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असे विचारतात.

वेगाचा मुद्दा सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी असलेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानानेही मिनिटाला किती शब्द याचे लक्ष्य ठेवले, परंतु ते समजून वाचण्याशी जोडलेले आहे. ‘आजीने विहिरीतून पाणी काढले’ हे वाक्य तीन मुलांनी वाचले, असे समजा. एकाने ‘आजी’च्या जागी ‘आई’ म्हटले. त्याला अर्थाचा अंदाज आहे, पण अक्षरांवरून नजर घसरते. दुसऱ्याने ‘वि-हि-री-तून’ असे तोडून वाचले, तरी पाणी कुठून काढले हे बरोबर सांगितले. तिसऱ्याने ‘पानी’ म्हटले, कारण त्याच्या घरी तसेच बोलतात, आणि ही वाचनाची चूक मुळीच नाही. घड्याळ दुसऱ्यालाच सर्वांत मागे टाकेल आणि पहिल्याची अडचण त्याला दिसणारही नाही.

मुलांना वाचता येते का हे घरोघरी जाऊन पाहणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणातही अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे वाचायला लावतात, हे त्याचेच आकडे पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

एक तक्रार मात्र मी मान्य करते. पटसंख्या मोठी असली आणि वर एका शिक्षकावर दोन वर्ग असले, की वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एकाच बैठकीत लिहिल्या जातात आणि चाळीस मुलांपुढे ‘वाचन समाधानकारक’ एवढेच उरते. पालकांनी जाब विचारायचा तर तो इथे विचारावा : माझ्या मुलाचे वाचन तुम्ही शेवटचे कधी ऐकलेत, आणि ते नेमके कुठे अडले?