चंद्रावर टाकलेला रुमाल

रविवारी सकाळी दहा वाजता अमेरिका आमच्या दारात चपला काढून आत आली आणि म्हणाली, "काका, चार्जर आहे का?"

लेकीच्या कॉलेजात स्पर्धा होती. साल 2085, अवकाशात जाणाऱ्या देशांची शिखर परिषद, विषय चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरचा बर्फ. तालमीसाठी घर हवं होतं आणि बाकी सगळ्यांच्या आया हुशार निघाल्या. इंदिरानगरातल्या आमच्या टू बीएचकेत आठ राष्ट्रं मावतील, असं लेकीनं परस्पर कळवून टाकलं.

आली सात. आठवा द्वारका चौकात अडकला होता. यान चंद्रावर कधी उतरणार ते मिनिटावर सांगता येतं. द्वारकेला अडकलेला माणूस कधी सुटेल ते ब्रह्मदेवालाही नाही. मग माझ्याकडे माना वळल्या.

"बाबा, तू लक्झेंबर्ग हो. बोलायचं काही नाही. बसायचं फक्त."

आपल्या नाशिक जिल्ह्यात पाच लक्झेंबर्ग आरामात बसतील, एवढासा तो देश. जबाबदारी बेताची वाटली म्हणून बसलो. पण लेकीनं हातात दिलेल्या कागदावर वाचलं, तर अवकाशात खणून काढलेला माल खणणाऱ्या कंपनीचा होऊ शकतो, असा कायदा या टीचभर देशानं 2017 सालीच करून ठेवलाय. म्हणजे मी गरीब नव्हतो, बेरकी होतो. जरा ताठ झालो.

पहिला तास बसण्यावरून गेला. आमचं डायनिंग टेबल एका बाजूनं भिंतीला टेकलंय. भिंतीकडच्या माणसाला उठायचं असेल, तर रांगेतल्या तिघांना उठावं लागतं. तिथं बसायला एकही महासत्ता तयार होईना. अकारविल्हे बसू, असं भारतानं सुचवलं. (भारत म्हणजे आमची लेक. यजमान असल्याचा फायदा ती उघड घेत होती.) अमेरिका खूश. तेवढ्यात अमिरातीचा पोरगा म्हणाला, "मराठीत ऱ्हस्व इकार आधी, मात्रा नंतर. अमिराती पहिली." शब्दकोश आला. अमिराती पहिली निघाली. लक्झेंबर्ग अर्थात शेवटी, भिंतीकडे.

मग चहा, आणि चहाबरोबर कप फुटला. जपानचा कोपर लागला, पण जपानचं म्हणणं, रशियानं टेबल हलवलं. इथं पोरांचा अभ्यास दिसला. 1972 सालचा एक करार आहे. तुमच्या अवकाशयानानं जमिनीवर नुकसान केलं, तर चूक असो-नसो, भरपाई द्यायचीच. नुकसान वर अवकाशात झालं, तर मात्र चूक कुणाची ते बघायचं. 1978 मध्ये सोव्हिएत युनियनचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात कोसळला होता. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, मिळाले तीस लाख. आता प्रश्न असा, की कप फुटला कुठे? टेबलावरून निसटला तेव्हा तो हवेत होता, फुटला मात्र फरशीवर. यावर वीस मिनिटं गंभीर चर्चा झाली. शेवटी ही आतून फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "करार कुठलाही असू दे, काचा आधी उचला." जपाननं उचलल्या.

खरं भांडण दुपारी पेटलं. 1967 च्या करारानुसार चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही. पण दक्षिण ध्रुवावर चांगल्या जागा मोजक्याच. जवळजवळ कायम ऊन मिळणारे उंच कडे आणि त्यांच्या शेजारीच कधीच ऊन न पोचणारे, बर्फ राखून असलेले खड्डे. म्हणजे थोडक्यात, खिडकीच्या जागा. आणि अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या 2020 च्या आर्टेमिस करारात एक सोय आहे, सुरक्षा क्षेत्र. आमचं काम सुरू आहे, तेव्हा आजूबाजूला येताना आधी कळवा, समन्वय ठेवा. मालकी नाही हं, नुसती काळजी.

हे ऐकलं आणि पंधरा वर्षं रेल्वेचा पास काढलेला माझा जीव ढवळून निघाला. सकाळची मुंबईची गाडी, तिचं नाव नाशिककराला सांगायला नको. तिच्यात सीटवर रुमाल टाकलेला असतो. रुमालाचा मालक दारात गप्पा मारत असतो. सीट रेल्वेची, हे तोही मान्य करतो. पण तुम्ही बसायला गेलात की लांबूनच ओरडतो, "अहो काका, रुमाल दिसत नाही का?"

"हे सुरक्षा क्षेत्र नाही, हा रुमाल आहे!" मी ओरडलो. टेबल शांत झालं. लेक कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, आर्टेमिसवर पहिल्याच दिवशी सही करणाऱ्या आठ देशांत लक्झेंबर्ग आहे. रुमाल तुझाच आहे."

मी पाणी प्यायलो.

तोवर चीन आणि रशिया एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे, आणि ठराव तर एकमतानंच व्हायला हवा. भारतावर आरोप झाला, की 1979 च्या चंद्र करारावर सही केलीत, मान्यता अजून दिली नाहीत. वर्गणीच्या वहीत नाव लिहून पैसे नंतर देतो म्हणणाऱ्यातले तुम्ही. भारताचे डोळे भरून आले.

इतका वेळ दिवाणावर वाती वळत बसलेली आमची आई म्हणाली, "अरे, सिंहस्थात आधी कुणी बुडी मारायची यावरून पेशवाईत साधूंच्यात मारामाऱ्या झाल्या. मग शैवांना त्र्यंबक दिलं, वैष्णवांना रामकुंड. तुम्हीही दोन घाट करा."

"आजी, ते झालंय आधीच," चीन म्हणाला. "आम्ही आणि रशिया वेगळा तळ बांधतोय."

"मग भांडताय कशाला? जेवून घ्या."

चीन आणि रशिया गॅलरीत जेवले, बाकीचे टेबलावर. मी भिंतीकडे असल्यामुळे सगळे उठेपर्यंत हात वाळवत बसलो.

सोमवारी गाडीत माझ्या नेहमीच्या खिडकीत रुमाल. मी त्या गृहस्थांना 1967 चा करार समजावला, दुसऱ्या कलमासकट. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी कल्याणला उतरतो. तेव्हा बसा."