ग्रिलचा रंग भिंतीला

आमच्या घरात सध्या सगळं मातकट चाललंय. लेकीने इंटिरियरचा कोर्स लावला आणि पहिलं गिऱ्हाईक अर्थातच घरचंच. हॉल रंगवायचाच होता, मी आपलं नेहमीसारखं ऑफव्हाइट म्हणून मोकळी झाले, तर म्हणे आई, दवाखाना आहे का आपला, आता वॉर्म, अर्थी म्हणजे मातीच्या छटांचं पॅलेट चालतं, २०२५ चा तर रंगांच्या छटा ठरवणाऱ्या त्या पँटोन कंपनीवाल्यांनी वर्षाचा रंग म्हणून मोका मूसच जाहीर केला होता. मोका मूस म्हणजे काय, तर दूध जरा जास्त पडलेली कॉफी.

मग शेडकार्ड आलं. टेराकोटा, रस्ट, क्ले, ऑकर, बर्न्ट सिएना. नवरा बिचारा एवढंच म्हणाला की हे सगळं विटकरीच ना गं, तर त्याला चर्चेतूनच बाद केलं.

भिंतीवर नमुन्याचे पट्टे मारले. रंगारीकाका कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. "ताई, हा तर रेड ऑक्साइड. ग्रिलला मारतो ना आपण, गंज लागू नये म्हणून. मग वरून फायनल हात कुठला द्यायचा?"

"हाच फायनल आहे काका."

काका गप्प. आयुष्यभर जो रंग झाकण्याचे पैसे घेतले तोच आता दाखवायचे पैसे घ्यायचे, माणूस गडबडणारच. लेकीने मग त्यांचा क्लास घेतला, की प्रायमरात काय आणि या मातीच्या रंगांत काय, मुळात लोखंडाचंच ऑक्साइड, इटलीतल्या सिएना गावची पिवळी माती भाजली की लालसर होते, तोच बर्न्ट सिएना.

"म्हणजे गेरूच की," आतून सासूबाई. त्यांच्या लेखी गेरू तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना, खाली चुन्याचा पट्टा मारून. हॉलला नाही.

"आजी, अख्खं जयपूर या गेरूच्या रंगात रंगवलं होतं, १८७६ साली, ब्रिटनचा युवराज येणार म्हणून."

"मग आपल्याकडे कोण येणारे?"

याला उत्तर नव्हतं. रंग लागला.

दिवसा खरंच छान दिसायचा हो, खोटं कशाला बोलू, संध्याकाळचं ऊन आलं की तर विचारूच नका. पण दिवेलागणीला ट्यूब लावली की भिंतीला कावीळ. लेक म्हणे ट्यूब ६५०० केल्व्हिनची आहे, निळसर उजेड, या रंगांना ३००० चे पिवळे दिवे लागतात. दिवे बदलले. आता भिंत सुंदर दिसते आणि तांदळातले खडे दिसत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी दाताखाली कळतात. दिव्यांमागोमाग पडदे बदलले, पडद्यांमागोमाग सोफ्याची कव्हरं, आणि एवढं सगळं मॅच झाल्यावर त्यात एक मीच काय ती राणी कलरच्या गाउनमध्ये राहिले.

मग लेकीने मला कपडे घ्यायला नेलं आणि भर दुकानात माझं मनगट उलटं करून शिरा बघितल्या. सेल्समनने घाबरून स्टूल पुढे केलं, त्याला वाटलं बाईंचं बीपी वाढलं. निदान असं निघालं की शिरा हिरवट दिसतात, म्हणजे माझा अंडरटोन, त्वचेखालची छटा हो, वॉर्म, म्हणजे मोहरी रंगाचा कुर्ता आणि रस्ट ओढणी. किंमत बघून मात्र बीपी खरंच वाढलं असणार. सासूबाईंनी कापड चिमटीत धरून बघितलं. "प्रवासाला बरा आहे, मळखाऊ."

तो कुर्ता घालून मी नव्या सोफ्यावर टेकले होते तर हे आले, माझ्यासमोर उभं राहून आत हाक मारली, "अगं, आहेस का घरात?"

उरलेला अर्धा डबा सासूबाईंनी गुपचूप बाल्कनीतल्या कुंड्यांना मारून टाकला. गेरू दर पावसाळ्यात उतरतो, हा काही उतरला नाही, त्यामुळे त्या या रंगावर आता चक्क खूश आहेत आणि अजून एक लिटर आणायला सांगतायत. भाव त्यांना अजून कोणी सांगितलेला नाही.