आयएनआर नॉर्मल आला म्हणजे धोका टळला?

‘रक्तस्राव होत असेल तर आधी पीटी-आयएनआर करा. नॉर्मल आला तर काळजी नाही. वाढलेला आला तर रक्त पातळ झालंय, लगेच प्लाझ्मा चढवा.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि यातला सल्ला जिवावर बेतू शकतो. पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी टेस्ट आणि आयएनआर म्हणजे त्याच वेळेचा सगळ्या लॅबमध्ये जुळणारा आकडा.

‘नॉर्मल आला तर काळजी नाही’

ही टेस्ट होते कशी ते बघा. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट घातलेल्या ट्यूबमध्ये रक्त घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी, प्लेटलेट खाली बसतात. वरचा पिवळसर प्लाझ्मा 37 अंशांना आणून त्यात गोठणं सुरू करणारं रिएजंट टाकतात. फायब्रिनचे, म्हणजे गुठळीच्या जाळीचे, पहिले धागे धरले की वेळ मोजणं संपलं. म्हणजे प्लेटलेट यात नाहीत, रक्तवाहिनीची भिंत नाही. पेशंट गारठलेला असला तरी ट्यूब उबदारच. आणि गुठळी पुढे घट्ट झाली की विरघळली, ते कळायच्या आतच टेस्ट संपलेली असते.

म्हणूनच गुठळी घट्ट करणारा फॅक्टर थर्टीन जवळजवळ नसलेल्या बाळाच्या नाळेतून रक्त वाहत राहतं, तरी पीटी आणि गोठण्याची दुसरी टेस्ट एपीटीटी, दोन्ही नॉर्मल येतात. अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा आयएनआरही बरेचदा नॉर्मल दिसतो. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो, कारण गोळ्यांबद्दल विचारलं नाही तर रिपोर्ट तुम्हाला सांगणार नाही.

‘वाढलेला म्हणजे रक्त पातळ’

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषध घेणाऱ्यांसाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. आयएनआर निघालाच त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये तो स्वीकारला, वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, गोष्ट वेगळी. तिथे लिव्हर रक्त गोठवणारे घटक कमी बनवतं, पण गोठणं रोखणारं प्रोटीन सीसुद्धा कमी बनवतं. पीटीला पहिली बाजूच दिसते. आयएनआर वाढलेल्या अशा पेशंटच्या पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी सापडू शकते ती म्हणूनच.

‘लगेच प्लाझ्मा चढवा’

थोडासा वाढलेला आयएनआर प्लाझ्माने फारसा खाली येत नाही. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या असतील तर वाढीव द्रवाने पोर्टल प्रेशर वाढून रक्तस्राव आणखी भडकू शकतो. वॉरफरिनवर मोठा रक्तस्राव असेल तर व्हिटॅमिन के आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन) हवं. उलट, रक्त धो धो जात असेल तेव्हा तांबड्या पेशींबरोबर प्लाझ्मा लागतोच, आणि तो रिपोर्टसाठी अडवून ठेवायचा नसतो.

मग टेस्ट करूच नये का? करावी, जरूर करावी. पोटातल्या रक्तस्रावात धोका किती ते मोजणाऱ्या एआयएमएस65 स्कोअरमध्ये दीडच्या वरच्या आयएनआरला एक गुण आहे. पण सोबत अल्ब्युमिन, शुद्ध, ब्लड प्रेशर आणि वय मोजलं जातं. तिथे आयएनआर सांगतो तो पेशंट किती खालावलाय हे. रक्त कशामुळे जातंय हे नव्हे. बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावात फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रोटीन) आधी घसरतं, म्हणून ते वेगळं मागवावं लागतं.

उपचार रिपोर्टशिवायही सुरू करता येतात. अपघातातल्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी विरघळू न देणारं औषध तपासणाऱ्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 चाचणीत 20 हजारांहून जास्त पेशंट होते. कोणाला घ्यायचं ते नाडी, प्रेशर आणि डॉक्टरांचा अंदाज यांवर ठरलं. क्लॉटिंग रिपोर्टची अट नव्हती. या औषधाने मृत्यू कमी झाले आणि फायदा दिसला तो पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्यांना.