साठ, आठ आणि मी

माझे कान ठणठणीत होते. लोकच पुटपुटायला लागले होते. हे मी चार वर्षं सगळ्यांना बजावत होतो आणि त्यावर ते काय म्हणत होते ते मला नीट ऐकू येत नव्हतं. मग अंदाजाने 'हो' म्हणायची सवय लागली. अशाच एका 'हो'पायी मी एका मंडळाचा खजिनदार झालो. पण मुलगा "साठ जण येणार" म्हणाला आणि मी आठ खुर्च्या मांडल्या, तेव्हा घरच्यांनी मला अक्षरशः कान धरून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्याकडे, नेलं.

पहिल्या गृहस्थांनी कानात डोकावण्याआधीच "बजेट किती?" विचारलं. हे मात्र एका फटक्यात ऐकू आलं. पुढे श्रवणयंत्राचे चॅनल, ब्लूटूथ, ॲप... मी सवयीने 'हो' म्हणणार तोच बायकोने कोपर मारलं.

दुसरीकडे एक बाई होत्या. त्यांनी आधी मळ नाही ना ते पाहिलं (नव्हता, म्हणजे स्वस्तात सुटका नाही), मग आवाजबंद खोलीत हेडफोन घालून बसवलं. बारीकसा 'टूं' आला की बटण दाबायचं. पाच मिनिटांत मला न वाजलेले 'टूं'सुद्धा ऐकू यायला लागले. शेवटी काचेपलीकडच्या बाईंच्या बोटांकडे बघून बटण दाबू लागलो, तर त्यांनी माझी खुर्चीच फिरवली. या वयात कॉपी करताना पकडलो गेलो.

निकालाचा कागद म्हणजे फुलीगोळ्याचा डाव. उजव्या कानाचे तांबडे गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि २,००० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे उंच पट्टीत, दोन्ही जिन्यावरून घरंगळलेले. "तुम्हाला आवाज येतो, शब्द येत नाहीत," बाई म्हणाल्या. स्वर खालच्या पट्टीत असतात, 'स', 'श' यांची फुसफुस वरच्या. 'साठ'मधला 'स' गळला की उरतो 'आठ'. खुर्च्यांचा हिशेब लागला!

मला कानात दडणारं, कुणाला न दिसणारं यंत्र हवं होतं. पण कान असा बुजवला तर स्वतःचाच आवाज रांजणातून आल्यासारखा वाटेल, म्हणून बाईंनी कानामागे बसणारं सुचवलं. किंमत कळल्यावर कानामागून येऊन तिखट होणं म्हणजे काय ते समजलं. मग केसासारखी नळी कानात सरकवून त्यांनी पडद्यापाशी किती आवाज पोहोचतो ते मोजलं आणि यंत्र त्याबरहुकूम जुळवलं. यंत्र कुठलंही घ्या, हे मोजणारा माणूस आधी शोधा.

पहिला आठवडा भयंकर. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रे कोसळायचे. फ्रीज कण्हतो हे नव्यानेच कळलं. बायको कानाशी आली की यंत्र शिट्टी मारायचं. तिने तो माझाच चावटपणा धरला. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात म्हणे.

परवा मुलगा दारातून जाता जाता काहीतरी बोलला. घड्याळाची टिकटिकसुद्धा लख्ख ऐकू येत असताना मला ओ की ठो कळलं नाही. खचून बायकोला विचारलं.

"मला तरी कुठे कळलं? नुसता पुटपुटतो तो."

हे वाक्य मी तिला तीनदा म्हणायला लावलं.