कोकोपीटला पाणी जास्त होते, आणि लवकर होते

पावसाळा तोंडावर आला की बागकामाचे सल्ले फिरू लागतात. यंदा एकच संदेश मला वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंतच्या सात-आठ ओळखीच्यांकडून आला. त्याचा आशय असा: परदेशात घरातल्या घरात, दिव्यांखाली गांजा पिकवणारे लोक नारळाच्या काथ्याच्या भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये, दिवसातून पाच-पाच वेळा पाणी देतात आणि तरीही झाडे जोमाने वाढतात, म्हणून कोकोपीटमध्ये पाणी कधीच जास्त होत नाही. त्याला जोडून आणखी चार गोष्टी सांगितल्या आहेत: कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की निचऱ्याची काळजी मिटते, आपल्या वाडीतल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, भुसा न धुता वापरावा, कारण त्यातले मीठ झाडाला पोषकच असते, कोकोपीटला वेगळे खत लागत नाही, आणि जाता जाता, घरातल्या एखाद-दोन गांजाच्या रोपांच्या आड कायदा येत नाही. मी मिरची, वांगी आणि फुलझाडांची रोपे कोकोपीटमध्ये तयार करतो. या पाचपैकी एकही विधान जसे आहे तसे मला मान्य करता येत नाही.

शेवटचे विधान आधी निकालात काढतो, कारण ते नुसते चुकीचे नाही, तर ते वाचणाऱ्याला तुरुंगात घालू शकते. ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो त्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ८ गांजाच्या कोणत्याही झाडाच्या लागवडीला मनाई करते. कलम २० नुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रोप एक आहे की दहा, ते शेतात आहे की पडवीतल्या कुंडीत, यावर गुन्हा ठरत नाही. भांग काही राज्यांत दुकानात मिळते, यावरून अनेकांचा घोटाळा होतो. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून सुटी पाने वगळलेली आहेत, परंतु झाड लावण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रीय कायद्याने घरटी चार झाडांना परवानगी दिली. ज्या देशांतल्या चित्रफिती पाहून हे संदेश लिहिले जातात, तिथली ही गोष्ट झाली, सिंधुदुर्गातली नव्हे. यापुढे मी जे लिहितो आहे ते मिरची-वांग्यासारख्या रोपांविषयी आहे.

आता मुख्य विधान. दिवसातून पाच वेळा पाणी दिले जाते, ही माहिती खोटी नाही. खोटे आहे ते त्यावरून काढलेले अनुमान. तिथे झाड पूर्ण वाढलेले असते, त्याच्या मुळांनी कुंडी गच्च भरलेली असते, डोक्यावर दिवसातले बारा ते अठरा तास प्रखर दिवे असतात, खोलीतली दमट हवा पंख्याने बाहेर फेकली जाते आणि वर आर्द्रता कमी करणारे यंत्र चालू असते. भुशात बहुधा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पर्लाइट, म्हणजे खनिज तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे, मिसळलेले असते. पाणी प्रत्येक वेळी थोडेच दिले जाते, त्यात खत विरघळवलेले असते, आणि दिलेल्या पाण्यापैकी दहा-वीस टक्के पाणी भोकांतून बाहेर पडून वाहून जाईल अशी व्यवस्था असते. त्याच माणसांकडे कोवळे रोप असते तेव्हा तीही हात आखडता घेऊनच पाणी घालतात. ते मात्र संदेशात कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे जुलैत काय असते? आभाळ आठ-आठ दिवस भरलेले, हवेत आर्द्रता नव्वदीच्या घरात, ऊन नाही, वारा असला तरी तोही ओला. पानांतून पाणी उडून जायला जागाच नसते, त्यामुळे मुळेही पाणी ओढत नाहीत. मे महिन्यात सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी हाताला हलकी लागते. तीच कुंडी जुलैत तिसऱ्या दिवशीही जवळपास तेवढीच जड असते. कोकोपीट आपल्या कोरड्या वजनाच्या आठपट पाणी धरून ठेवते. कोकोपीटची दाबून केलेली पाच किलोची वीट भिजून सुमारे सत्तर लिटर भुसा होतो आणि त्यात चाळीसेक लिटर पाणी सहज मावते. हा त्याचा गुण आहे, आणि पावसाळ्यात तोच गुण अंगावर येतो. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याने पाण्यातून पसरतो. भुशातल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, मुळे कुजवणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीला आयते रान मिळते, आणि मूळकूज झालेले झाड नेमके तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. शेजारच्या काकू गेल्या वर्षी मला म्हणाल्या होत्या, “इतक्या पाणी घालतंय, तरी मिरशी कोमेजता कशी?” त्या प्रश्नातच उत्तर होते. कोमेजली म्हणून त्यांनी आणखी एक तांब्या ओतला होता.

यात कोकोपीटचा आणखी एक स्वभाव फसवतो. त्याचा वरचा थर लवकर सुकून फिकट पडतो, आणि खाली वितभर आत तो पिळला तर पाणी गळेल इतका ओला असतो. म्हणून रंग पाहून किंवा बोट टेकवून काहीच कळत नाही. कुंडी उचलून पाहावी. पूर्ण भिजवून निथळलेली कुंडी किती जड लागते ते एकदा हाताने लक्षात ठेवावे, आणि ती त्याच्या निम्म्याच्या आसपास आल्यावाचून पाणी घालू नये. दोन-चार दिवसांत हाताला तो अंदाज येतो.

खडीच्या थराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण हा समज संदेशापेक्षा कितीतरी जुना आहे आणि चांगली जाणती माणसेही तो बाळगून असतात. भोकावर खापरीचा तुकडा ठेवण्याची आपली रीत आहे. तिचा उपयोग माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. त्यावरून तळाला चार बोटे खडी घातली की निचरा वाढतो, असे मानले गेले. प्रत्यक्षात पाणी बारीक कणांच्या थरातून जाड कणांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. बारीक पोकळ्या पाण्याला केशाकर्षणाने धरून ठेवतात, आणि वरचा थर तळाशी पूर्ण तुडुंब भरेपर्यंत खाली खडीत थेंबही पडत नाही. निथळून झालेल्या प्रत्येक कुंडीत तळाशी असा एक चिंब थर उरतोच; त्याची उंची भुशाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणजे खडी घातल्याने तो चिंब थर नाहीसा होत नाही, तर तितकाच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो, आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते ती वेगळीच.

ज्याला हे पटत नाही त्याने भांडी घासायचा नवा स्पंज घ्यावा. तो पाण्यात बुडवून आडवा, तळहातावर सपाट धरावा आणि गळणे थांबेपर्यंत थांबावे. मग तोच स्पंज न दाबता उभा करावा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली, म्हणून चिंब भाग लहान झाला. याच कारणाने पसरट, उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडीत मुळांना हवा जास्त मिळते. आता त्या स्पंजाच्या खाली मूठभर रेव ठेवून पाहा. थांबलेले गळणे त्याने पुन्हा सुरू होत नाही.

निचरा हवा असेल तर तो भुशातच करावा लागतो. भुशात सोडणाचे बोटभर तुकडे, पर्लाइट किंवा भाताचे जळके तूस मिसळावे. भुसा फार बारीक असेल तर तो आधी चाळून त्यातली पूड काढावी. कुंडीला एक मोठे भोक असण्यापेक्षा तळाच्या कडेने सहा-आठ लहान भोके असावीत, आणि कुंडी थेट फरशीवर न टेकवता चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, नाहीतर ओली फरशी भोकांना झाकणासारखी बसते. चिंब थर आणखी कमी करायचा असेल तर जुन्या धोतराची पट्टी भोकातून आत घालून तिचे टोक वीतभर खाली लोंबत सोडावे. पाणी त्या पट्टीवरून ठिबकत राहते. खालची बशी मात्र पावसाळ्यात काढून टाकावी. तिच्यातले पाणी भुसा परत वर ओढतो, आणि आठवडाभर ते साचले तर डेंग्यूच्या डासांची एक पिढी तयार होते.

मिठाच्या विधानामागे एक खरी गोष्ट आहे. आपल्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची चाल आहे आणि ती निराधार नाही. माडाला क्लोराइड मानवते. पण माड म्हणजे मिरची नव्हे, घेवडा तर नव्हेच. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. एका व्यापाऱ्याकडून “धुतलेला” म्हणून आणलेला भुसा मी एकदा न तपासता वाफ्यांत भरला आणि दहा-बारा दिवसांत मिरचीच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. नंतर त्यातून निथळलेले पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या, विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मापकाने, मोजले, तर विहिरीच्या पाण्याच्या कितीतरी पट आकडा आला. आता गोणी भरून पावसाळ्यात पागोळीखाली ठेवतो. पहिले पाणी कोऱ्या चहासारखे निघते. निथळ्याचा आकडा साध्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत गोणी तिथेच राहते.

पावसानेही सगळे काम होत नाही, हे मला उशिरा कळले. मोकळे क्षार धुऊन जातात, परंतु भुशाच्या कणांना चिकटलेले सोडियम-पोटॅशियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्यांना ढकलायला कॅल्शियम लागते. म्हणून धुतलेला भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा एकदा निथळावा. हे टाळले तर आपण पुढे घातलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुसाच गिळतो आणि झाडाच्या वाट्याला काही येत नाही. जांभ्याच्या विहिरीचे पाणी सहसा मृदू असते, त्यात हे दोन्ही मुळातच कमी, त्यामुळे कोकणात ही उणीव लवकर दिसते.

यातच खताच्या विधानाचे उत्तर आले. कोकोपीटमध्ये पोटॅश असते, नत्र नावापुरते. उलट त्यातला कार्बन कुजवणारे जंतू असलेले नत्रही काही काळ स्वतःकडे ओढतात. खत द्यावेच लागते. मात्र पाण्यातून खत देत असाल तरच दर वेळी दहा-वीस टक्के पाणी बाहेर काढण्याचा नियम लागू होतो, कारण उरलेले क्षार तळाशी साठू नयेत हा त्याचा हेतू आहे. अर्धा भुसा आणि अर्धे गांडूळखत अशी कुंडी असेल तर दर वेळी पाणी वाहू देणे म्हणजे पैसे देऊन आणलेले खत फरशीवर सोडणे. तिथे बेताने पाणी घालावे आणि भोकातून पहिले थेंब दिसले की हात थांबवावा.

संदेश पाठवणाऱ्यांपैकी एकाने मला विचारले, मग दिवसातून किती वेळा? एप्रिलमध्ये, उन्हातल्या भरल्या झाडाला, दोनदा. आज, बाहेर झड लागलेली असताना, माझ्या पडवीतल्या मिरचीला चार दिवसांत मी पाणी घातलेले नाही.