शुक्रवारचं मटण आणि बोलणं बंद असलेला भाऊ

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागला की आमच्या वसईकडच्या कॅथलिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेले प्रश्न सुरू होतात. शुक्रवारी अंडं चालतं का? सूपमध्ये चिकनचा अंश असला तर? आणि त्याच शुक्रवारी मटण नाही म्हणून घरोघरी पापलेट, सुरमई तळली जाते. नियम पाळला जातो, पण यात सोडलं काय?

अंडं चालतं. चर्चचा नियम तसा थोडकाच आहे. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच सक्तीचे उपवास, तेही १८ ते ५९ वयाच्यांना. शुक्रवारी मांस वर्ज्य, ते १४ वर्षांपुढच्यांना. आजाऱ्यांना सूट. आपल्या आजी-आजोबांनी याहून पुष्कळ कडक पाळलं आणि मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे. त्यांच्या ताटातलं कमी व्हायचं ते दाराशी आलेल्याला मिळायचं. आपण यादी ठेवली आणि देणं विसरलो.

बायबलमध्ये मार्कच्या सातव्या अध्यायात शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, येशूला विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? येशू हात धुण्यावर वाद घालत बसत नाही. तो थेट त्यांच्या घरातल्या वागण्यावर येतो. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचा पैसा ‘देवाला वाहिला’ म्हणून सांगायचं आणि त्यांना वाऱ्यावर सोडायचं, हे तुम्ही परंपरेच्या नावाखाली खपवता, असं सुनावतो. मला हे वाचताना दरवेळी आपलीच गावं दिसतात. जमिनीच्या व्यवहारावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद, एकमेकांच्या मयताला जाणं नाही, आणि क्रूसाच्या वाटेला, येशूच्या दुःखसहनाच्या त्या प्रार्थनेला, दोघंही चौदाही स्थानांवर गुडघे टेकतात. सणाच्या देणगीत दोघांची नावं वर, आई मात्र महिना-महिना वाटून घेतलेली.

यावर काही तरुण म्हणतात, मग सोडाच हे सगळं, नुसता येशू पुरे. मला हेही पटत नाही. येशू दरवर्षी वल्हांडणाला, यहुद्यांच्या सणाला, यरुशलेमला जाणाऱ्या घरात वाढला. शेवटचं भोजनही त्याने त्याच सणात केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, तरी इथला विश्वास उरला. तो घरातल्या रोझरीने (जपमाळेच्या प्रार्थनेने), वेशीवरच्या क्रूसाने आणि आयाबायांच्या उपवासांनी उरला, असं मी मनापासून मानतो. हे टाकून दिलं तर पोरांच्या हाती काय देणार?

पण बायबलमधल्या यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला हवा तो उपवास सांगितलाय: भुकेल्याला आपली भाकर वाटणं, आणि आपल्याच रक्ताच्या माणसाकडे पाठ न फिरवणं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, भावाचं मन दुखावलेलं आठवलं तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी समेट कर, मग ये. हा क्रम आपण उलटा केलाय.

सणासाठी आपल्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या मंडळाच्या, किती बैठका होतात! पवित्र आठवड्याआधी, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याआधी, एखादी बैठक भांडलेल्या घरांसाठी घ्या. धर्मगुरूंनी बोलवावं, गावातल्या जाणत्यांनी मध्ये बसावं. आणि शुक्रवारच्या सुरमईचे पैसे सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेच्या पेटीत टाका. या वर्षी सुरुवात करायला कोण तयार आहे, कमेंटमध्ये सांगा. मी येतो.